वाटाणे सोलणारी आजी

लिस्बनच्या चढाच्या गल्लीत आमच्या गाइडबाई थांबल्या. म्हणाल्या, "इथं अजून जुनं आयुष्य दिसतं." ते आयुष्य म्हणजे तळमजल्याच्या खिडकीत वाटाणे सोलत बसलेली एक म्हातारी. आम्हा आठही जणांचे मोबाइल लगेच वर गेले. आमच्यातल्या काकू तर चक्क मराठीत ओरडल्या, "आजी, इकडे बघा ना!"

माझं डोकंच फिरलं. माझी आई अंगणात भांडी घासत असताना एका गोऱ्या पर्यटकानं न विचारता तिचा फोटो काढला होता. ती पदर सावरत घरात पळाली होती. लाज कशी वाटत नाही लोकांना? माणूस काय देखावा आहे?

म्हातारीनं खस्सकन पडदा ओढला.

पडदा ओढणारा तिचा हात माझ्याही मोबाइलमध्ये आहे.