टँकच्या भंगारातला बत्ता

"तुमच्या लघवीत युरेनियम सापडलंय," डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या. मला हसूच आलं. म्हटलं, "मॅडम, मी भंगारवाला आहे, बॉम्बवाला नाही." त्या काही हसल्या नाहीत.

पाय सुजत होते, लघवीला फेस येत होता. मी उन्हाळ्याच्या नावाने खडे फोडत बसलो. रक्तात क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे शरीरातला कचरा; किडनी थकली की तो रक्तात साचतो. आणखी बिघडलं तर डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त धुवायचं. 

बाईंनी कामाबद्दल आधीच विचारलं होतं. दुबईजवळच्या रास अल खैमाच्या आमच्या यार्डात युद्धात जळलेल्या गाड्यांचं भंगारही येतं, हे कळल्यावरच त्यांनी ही खास तपासणी करायला लावली होती. आता त्यांनी खाण्याबद्दल विचारलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा, ठेचा!

आमच्या खोलीत आम्ही सहाजण, सगळे रत्नागिरीकडचे. मिक्सरमधला ठेचा कुणाला चालत नाही. आमच्यातल्या सगळ्यात लहान दत्ताला एका फुटक्या टँकमध्ये काळी कांडी मिळाली. वीतभर लांब, पण उचलताना मनगट वाकायचं. "अण्णा, बत्ता बघा कसला भारी!" रोज तिनेच मिरची, लसूण, मीठ कुटायचो. वर लिंबू. हाताला काळं लागायचं, आम्ही म्हणायचो गंज असेल.

"हे डिप्लिटेड युरेनियम," कांडीचं सगळं ऐकून बाई म्हणाल्या. म्हणजे अणुभट्टीच्या कामाचा भाग काढून घेतल्यावर उरलेलं. जड असतं, म्हणून टँक फोडणाऱ्या गोळ्यात घालतात. "किरणांपेक्षा त्याची पूड पोटात जाणं वाईट, ती किडनीला लागते. सैन्यात असे तुटके तुकडे उघड्या हाताने कुणी उचलत नाही. तुम्ही त्याने जेवण केलंत!"

सरकारी माणसं किरण मोजायचं मीटर घेऊन आली, कांडी डब्यात बंद करून घेऊन गेली. मी बाकीच्यांना तपासणीला चला म्हटलं, तर सगळ्यांनी तोंडं फिरवली. दत्ता म्हणाला, "अण्णा, रिपोर्ट खराब आला तर कंपनी नोकरी खलास करून घरी पाठवेल."

माझं डोकंच फिरलं. "नोकरी दुसरी बघू. किडनी कुठल्या यार्डात मिळते रे?" एकेकाला दंडाला धरून टॅक्सीत कोंबलं.

वेटिंग रूममध्ये दत्ता माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या लघवीत प्रोटीन निघालं, म्हणजे किडनीची गाळणी नुकतीच गळायला लागली होती. बाकीचे सुटले.

महिने गेले. मीठ जवळजवळ बंद, पाणी मापून. मग एका सकाळी बाई म्हणाल्या, "डायलिसिस लागणार नाही. पण पूर्वीसारखी किडनी आता होणार नाही." मी तिथेच रडलो. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. दत्ताची मात्र पूर्ण सावरली.

भंगारात काम करणाऱ्यांनो, आकाराच्या मानाने फार जड असलेला काळा तुकडा दिसला, तर हात लावू नका. लांब व्हा, इतरांना थांबवा, वर कळवा.

परवा तसल्याच जळक्या भंगाराचा ट्रक आला. सुपरवायझर ओरडला, "यल्ला, चला लवकर, उतरवा!" नोकरीला घाबरणारा दत्ता ट्रकसमोर आडवा उभा राहिला. "पहले मीटर लाओ," तो म्हणाला. सुपरवायझरने त्याला घरी पाठवायची धमकी दिली.

"भेज दो," दत्ता म्हणाला, आणि हलला नाही. मी जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो.