यांना बोलावणं होतं का

आमच्या मंडळीत डोळे मिटून प्रार्थना करतात आणि मला लहानपणापासून डोळे मिटून बसणं जमत नाही. देवाशी बोलताना आपण आंधळं का व्हायचं, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी परभणीच्या मांडवात काय झालं ते सुरुवातीपासून पाहिलेली मी एकटीच होते.

वर्षातून एकदा आमचा तीन दिवसांचा मेळावा असतो. चार तालुक्यांतले ख्रिस्ती लोक येतात. ताडपत्रीवर सतरंज्या, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. शेवटच्या संध्याकाळी बाहेरगावचे पाहुणे उपदेशक आवाहन करतात : सगळ्यांनी डोळे मिटा, आणि प्रभूनं आपल्याला सेवेसाठी बोलावलंय अशी ज्याची खात्री आहे त्यानं उभं राहा. यालाच आमच्यात पाचारण म्हणतात. त्या वर्षीच्या उपदेशकांची प्रार्थना काही केल्या संपेना. मी बायकांमधून आमच्या यांच्याकडं बघत होते. यांची चुळबूळ चालली होती. फाट्यावर आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान. दिवसभर उकिडवं बसून पाणी उपसायच्या जळलेल्या मोटारींतली तार काढणारा माणूस, त्याला मांडी घालून तासभर कसं बसवणार? आणि नेमकं आवाहन झालं तेव्हाच हे उठले. एक पाय झटकला. उपदेशकांनी हात वर करून "हालेलूया, एक भाऊ उठला!" म्हटलं आणि यांना खाली बसायचीही सवड न देता दोघांनी धरून पुढं नेलं. डोक्यावर हात ठेवले. हे आपले लग्नातल्या नवरदेवासारखे मुकाट उभे.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "हे कधी ठरवलंत?"

"ठरवलं न्हाई गं. मला वाटलं प्रार्थना संपली. पायाला मुंग्या आल्त्या."

मी इतकी हसले की कंडक्टर वळून बघायला लागला. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "रविवारी पाळकसाहेबांना सांगतो."

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, परभणीचे. महिन्यातून एकदा देवगाव फाट्याला येतात, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देतात आणि दुपारच्या बसनं परत जातात. एरवी आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात कुणीतरी एखादा शास्त्रभाग वाचायचा, दोन गाणी व्हायची आणि लोक घरी जायचे. आजूबाजूच्या खेड्यांतली मोजकी घरं आमची. कुणी आजारी पडलं तर प्रार्थनेला माणूस नाही, कुणी मेलं तर परभणीला फोन लावून वाट बघत बसायचं.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की प्रभूनं तुमच्यातूनच एक सेवक उभा केला आहे. हे खरं काय ते सांगायला उठलेही होते, मी पाहिलंय. तेवढ्यात पलीकडच्या गावची एक विधवा म्हातारी पुढं आली. शेतात रोजानं जाणारी. तिनं यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावला आणि रडायला लागली. "लय वर्सं मागत व्हते मी," ती म्हणाली. "आमच्यातलाच एक माणूस दे म्हणून. आज दिला बघा." आता अशा बाईला पायाच्या मुंग्या सांगायच्या कशा? हे तसेच खाली बसले.

तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. रविवारचं वाचन यांच्याकडं आलं, झाडलोट यांच्याकडं आली, दवाखान्यात कोण आहे बघायचं यांच्याकडं आलं. प्रवचन तर असं करायचे की मी म्हणायची, "तुमचं प्रवचन बसच्या तिकिटावर मावंल." चार वाक्यं बोलले की यांना घाम फुटायचा. पण माणूस पडला की हे पोचायचे. दुकानात गिऱ्हाईक मोटार घेऊन उभं आणि हे शटर ओढून स्कूटरवर. मी चिडायची. का नाही चिडणार? घर माझं, दुकान माझ्या तोंडावर बंद, आणि लोकांना सेवक फुकटात मिळालेला. लग्नाच्या पंगतीत कुणाला आठवण नाही यांची, पण मढं निघालं की पहिला फोन आम्हाला.

पुरायचं काम सगळ्यात वाईट. कॅनॉलच्या कडेला आमची पडीक जागा आहे. तिथं कब्र खणायला माणसं कमी पडली की हेच फावडं घ्यायचे, मग हात धुऊन पुस्तक हातात घ्यायचे. त्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा फाट्यावर ट्रकखाली गेला, तेव्हाही यांनीच खणलं आणि यांनीच प्रार्थना केली. त्या दिवशी घरी आल्यावर हे जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.

मेळाव्यात सेवक लोक आपापल्या पाचारणाची साक्ष देतात. कुणाला स्वप्न पडलेलं असतं, कुणाला शेतात आवाज आलेला असतो, कुणाचं तोंडभर नाव घेऊन हाक आलेली असते. यांची पाळी आली की हे म्हणायचे, "मी उभा राहिलो, पुढचं प्रभूला ठाऊक." लोक म्हणायचे, किती नम्र माणूस! मी तोंडाला पदर लावायची. पण घरी आल्यावर हे विचारात पडायचे. "सगळ्यांना काही ना काही ऐकू आलंय," एकदा म्हणाले. "मी लय दिवस कान लावून बघितलं. काहीच न्हाई."

मी म्हटलं, "तुमचे कान मोटारींनी गेलेत." तेव्हा माझ्या लेखी ही थट्टाच होती.

मग दुखणं आलं. काविळीवरून सुरू झालं आणि लिव्हरवर गेलं. जन्मात दारूला न शिवलेला माणूस, त्याला बघायला येणारे लोक कानात विचारायचे, "घ्यायचे का?" मला एकेकाला चुलीत घालावंसं वाटायचं. मंडळीतली माणसं मात्र येऊन प्रार्थना करायची, आणि प्रत्येक प्रार्थनेत यांच्या पाचारणाचा उल्लेख. तुझा बोलावलेला सेवक, तुझा निवडलेला दास. हे भिंतीकडं तोंड करून पडायचे.

त्याच सुमाराला यांनी प्रभुभोजन घेणं बंद केलं. आमच्यात भाकर घेण्याआधी माणसानं स्वतःला तपासायचं असतं. कुणाशी भांडण असेल, मनात खोट असेल, तर ताट पुढं सरकवायचं. लहान मंडळीत हे लपत नाही. सेवकच भाकर घेईना म्हटल्यावर बायकांनी ठरवूनच टाकलं की आमचं नवरा-बायकोचं वाजलंय. एक जण मला हापशावर समजवायला आली, "आजारी माणसाशी जरा गोडीनं राहावं." आता हिला काय सांगायचं? मी बादली उचलली आणि घरी आले. आल्यावर यांच्यावरच ओरडले.

"तुमच्या पायी मी बदनाम व्हायले. काय खोट हाय तुमच्या मनात?"

"मला बोलावणं नव्हतं," हे म्हणाले. "एवढी माणसं पुरली मी. त्यांच्या डोक्याशी उभं राहून बोललो. कुणाच्या हुकमानं बोललो? मला सांगावं लागंल."

मी हातापाया पडले. म्हटलं, इतकी वर्षं गेली, कुणाचं काय अडलं? राहू दे झाकलेलं. यांनी ऐकलं नाही. गरीब माणसाचा हट्ट लय वाईट, तो ओरडत नाही आणि हलतही नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी हे भिंतीला धरून बोलले. मांडव, प्रार्थना, पाय, सगळं. चार वाक्यांच्या वर बोललेले मी यांना पहिल्यांदाच ऐकलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पाळकसाहेब थोडे घुटमळले, मग म्हणाले की देव आपल्या चुकांमधूनही काम करून घेतो, आणि यांच्यापुढं ताट धरलं. यांनी भाकर घेतली. पण वाटेत मला म्हणाले, "मी विचारलं एक, त्यांनी सांगितलं दुसरंच."

माझी भीती वेगळी होती आणि ती खरी ठरली. त्या रविवारपासून लोक आमच्या घरी येईनासे झाले. रागानं नव्हे. त्यांना हिशेब लागत नव्हता. ज्याला बोलावणंच नव्हतं त्यानं आपल्या माणसांना पुरलं, तर ती माणसं कुठं गेली? पाळकसाहेबांच्या उत्तरानं त्यांचंही समाधान झालं नसावं. हे मला हापशावरच्या गप्प होणाऱ्या बायकांवरून कळलं. यांनी आपलं ओझं उतरवलं ते बाकीच्यांच्या डोक्यावर, असं मला वाटलं, आणि मी ते यांना बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "ते मला बी दिसायलंय."

आणि एका दुपारी ती म्हातारी आली. चालत आली होती. पाणी दिलं तर घेतलं नाही. यांच्या बाजेपाशी खाली बसली आणि सरळच विचारलं.

"मिस्तरी, माझ्या लेकराला नीट पोचवलं का तुमी?"

मी दारात होते. मला वाटलं, आता तरी या माणसानं हो म्हणावं. एका शब्दाचं काम. हे उठून बसायला लागले, त्यातच यांना दम लागला.

"मला ठाऊक न्हाई, बाई," हे म्हणाले. "मी बोललो. वर कुणी ऐकलं का, ते मला ठाऊक न्हाई."

 म्हातारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिच्या तोंडाकडं बघून मला यांचा असा राग आला की मी आत जाऊन उगीच भांडी हलवली. मग तिचा आवाज आला.

"तवा तुमाला कुणी बोलावलं नव्हतं. बरं. आता मी बोलावायले. चला, परत बोला."

यांची चालायची ताकद नव्हती. शेजाऱ्याची रिक्षा काढली. कॅनॉलच्या कडेला बाभळीच्या शेंगा पडलेल्या, मातीचा उंचवटा बसून गेलेला, लाकडाचा क्रूस वाळवीनं अर्धा खाल्लेला. म्हातारीनं गवत उपटून जागा केली. हे उभे राहू शकले नाहीत, मातीवरच बसले. पुस्तक घरी राहिलं होतं. आठवेल तसं बोलायला लागले, आणि अर्ध्यावर यांचा आवाज बसला. मग म्हातारीनं प्रभूची प्रार्थना सुरू केली, ती संपेपर्यंत यांचे नुसते ओठ हलत होते. मी उघड्या डोळ्यांनी दोघांकडं बघत होते. दोन वाळलेली माणसं, आणि मध्ये एक पोरगं. आभाळात काही झालं नाही. कॅनॉलला पाणीही नव्हतं.

उठताना यांनी तिला विचारलं, "आता पोचलं असंल का?"

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "पण तुमी आलाव." आणि ती आपल्या गावच्या वाटेनं निघून गेली. रिक्षात बस म्हटलं तर नको म्हणाली.

मंडळीतली आणखी एक-दोन घरं त्यानंतर आली, पण तोवर यांना परभणीला दवाखान्यात हलवलं होतं. ती माणसं कॉटपाशी उभी राहायची, सलाइनच्या बाटलीकडं बघायची आणि काही न विचारता जायची. त्यांना काय विचारायचं होतं ते यांना कळायचं. ती गेल्यावर हे डोळ्यांवर हात ठेवायचे.

पोट फुगलं होतं, डोळे हळदीसारखे झाले होते. बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी वॉर्डात जेवणाची गडबड संपली, बाजूच्या कॉटवरचे लोक लवंडले, आणि यांनी माझं मनगट धरलं.

"मला बोलावणं व्हतं का गं?"

आयुष्यभर या माणसाला मी फटकन उत्तरं दिली. देवाचं तर मला काही कळतच नाही; मला कधी ना स्वप्न पडलं, ना हाक आली. पण विचारणारा असा पडलेला, आणि त्याला दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

"व्हतं," मी म्हटलं.

"तुला कसं ठाऊक?"

"मला न्हाई ठाऊक."

"मग बोलायलीस कशाला?"

"तुमी विचारलं म्हणून."

यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलते आहे हे यांना कळलं होतं, आणि यांना कळलं आहे हे मला कळलं होतं. मला वाटलं, आता हात सोडतील. यांनी सोडला नाही. डोळे मिटले.

"अजून एकदा बोल," हे म्हणाले.

मी बोलले. मग गप्प झाले, तर यांची बोटं हलली, म्हणून पुन्हा बोलले. नर्स सलाइन बदलायला आली तेव्हाही मी तेच बोलत होते.