बसमधली न्हाणी

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी बसमध्ये एक लोटा पाणी ओतलं आणि ते कुठं जातं हे पाहत उभे राहिलो. विमलसोबत मी केलेलं शेवटचं काम हेच. पाणी चारी बाजूंनी सरकत मधल्या भोकाशी गेलं, तिथं जरासं घुटमळलं आणि खाली अंगणात पडल्याचा आवाज आला. माझी बायको कौतुक करणाऱ्यातली नव्हती. म्हणाली, "बरं आहे." मग पदरानं हात पुसत म्हणाली, "उद्या सकाळी मी इथंच आंघोळ करीन. एकटी. तुम्ही बाहेर थांबा." मी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं? "बाहेर म्हणजे बसच्या बाहेर. दारात नाही." डाव्या हातानं दांडी धरून ती पायऱ्या उतरली, खिचडी टाकली, आम्ही जेवलो. ती रोज पहाटे पाचला उठायची. दुसऱ्या दिवशी साडेपाच झाले तरी उठली नाही म्हणून मी हात लावला. हात थंड होता. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. एक दिवस मध्ये टाकून आम्ही अमरावतीला निघणार होतो...

मी सातवी शिकलेला माणूस. जन्मभर जबलपूरच्या फॅक्टरीत फिटर होतो, लिहायचं काम घरात विमलच करायची. आता लिहितो आहे कारण आमची संध्या, म्हणजे आमची मुलगी, म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज मला फोनवर तेच सांगून राहिले, लिख ही डालो ना." चलो, लिहितो. बसमध्ये न्हाणी काहून बांधली हे लोक विचारतात, हसतात. त्यांनाही एकदा कळू दे.

चार वर्षांपूर्वी नर्मदेच्या ग्वारीघाटावर विमलचा पाय शेवाळावरून घसरला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. पोळ्या ती डाव्या हातानं लाटायला शिकली, केस मी विंचरायला शिकलो. वेडेवाकडे विंचरायचो. पाठीवर पाणी घेणं मात्र तिला जमेना. तेव्हापासून रोज सकाळी ती पाटावर बसायची आणि मी मागून पाणी ओतायचो, पाठ चोळून द्यायचो. चार वर्षं, एक दिवस चुकला नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि सगळा वेळ माझ्या चुका काढायची. पाणी गरम आहे. पाणी गार आहे. कानात का ओतून राहिले? तिचा एक नियम होता, आपली आंघोळ झाली की न्हाणीत एक लोटा पाणी टाकून यायचं, फेस, केस, सगळं वाहून जाईल असं. मागून येणाऱ्या माणसाला न्हाणी स्वच्छ मिळाली पाहिजे. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, मी तो लोटा कधी टाकला नाही. ती रोज बोलायची आणि रोज स्वतःच टाकायची. हात गेल्यावरही, डाव्या हातानं.

घरात हे ठीक होतं. बाहेर नाही. पडल्यावर सहा महिन्यांनी आम्ही नागपूरला एका लग्नाला गेलो. सकाळी विमल आंघोळीला गेली आणि तिच्या मागं मी बादली घेऊन आत शिरलो. काय चुकलं माझं? घरी रोज तेच करत होतो. दाराबाहेर बायकांची रांग होती. एक म्हणाली, "या वयात सोबत न्हातात वाटतं," आणि सगळ्या हसल्या. वाईट हेतूनं नाही, लग्नघरात हसतात तसं. आतमध्ये विमल एक शब्द बोलली नाही. पाणी गरम आहे का गार, तेही नाही. त्यानंतर ती कुणाकडे मुक्कामाला गेली नाही. संध्याकडे इंदूरलासुद्धा नाही. जावयाच्या घरी तर मुळीच नाही.

आणि अमरावतीला अक्का अंथरुणाला खिळल्या. अक्का म्हणजे विमलची थोरली बहीण. आई लवकर गेली, अक्कांनीच हिला वाढवलं. दर रविवारी फोन. अक्का विचारायच्या, "केव्हा येतेस गं?" ही म्हणायची, "येते, जरा थंडी कमी होऊ दे." मग, "ऊन कमी होऊ दे." मी एकदा चिडून म्हणालो, एक दिवस बिनआंघोळीची राहिलीस तर काय बिघडतं? ती म्हणाली, "आंघोळीशिवाय चहा घ्यायचा नाही हे मला अक्कानं शिकवलं. तिच्याच उशाशी पारोशी बसू?" मग अक्कांच्या सुनांना सांग, त्या पाणी ओततील. "ज्यांना मी लग्नात साड्या नेसवल्या त्यांच्यासमोर उघडी बसू?" मी म्हणालो, मग मी येतो ना सोबत. नागपूर काही ती विसरली नव्हती.

गोहलपुरात रफीकभाईंचं गाड्यांच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. आमची ओळख तीस वर्षांची. त्यांच्याकडे शाळेची एक लहान बस उभी होती, इंजिन चांगलं, आतून गंजलेली. मी विचारलं, इसमें नहाने की जगह बन सकती है क्या? ते म्हणाले, "बन तो जाएगी दादा, पर नहाएगा कौन?" मी सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "अमरावती तक गाड़ी मैं चलाऊँगा. भाभीजी को बोलना पीछे आराम से बैठें." घरी सांगितलं तेव्हा विमल म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माझी पाठ चोळून कंटाळा आला." मी म्हणालो, हो, आला. खोटं होतं ते... पण खरं सांगितलं असतं तर ती बसमध्ये चढलीच नसती.

बस आमच्या अंगणात आणून उभी केली. मागं झोपायला फळी, तिच्यापुढं न्हाणी, पुढं बसायच्या दोन सीटा. छतावर काळी टाकी बसवली, म्हणजे उन्हानं पाणी आपोआप कोमट होतं. शॉवर डोक्यावर लावायला निघालो तर विमल म्हणाली, "डोक्यावरून पाणी पडलं की माझा जीव गुदमरतो. मला पाठीवर पाहिजे." मग जुन्या सीटचा सांगाडा कापून स्टूल केलं, तिला त्यावर बसवलं आणि खांद्याच्या उंचीला मागच्या प्लायवूडच्या भिंतीवर खडूनं रेघ मारली. शॉवर त्या रेघेवर. खाली पत्र्याचा ट्रे, आणि पाणी जायला पुढच्या कोपऱ्यात भोक. लेव्हल लावून भोकाकडे अर्धा इंच उतार दिला. मी तिला लेव्हलमधला बुडबुडा दाखवला, ती म्हणाली, "बुडबुडा काय दाखवता? न्हाणीचा उतार गाडी इथून हलवून, दुसरीकडे नेऊन पाहा." मी म्हणालो, तू स्वयंपाक कर. फिटर मी आहे.

महिनाभरानं ब्रेकच्या कामाला बस रफीकभाईंकडे नेली. विमल सोबत आली, तिला न्हाणी चालू करून पाहायची होती. त्यांच्या सपाट आवारात बस उभी केली, मी शॉवर सोडला, आणि पाणी भोकाकडे जाण्याऐवजी मागं वळून फळीखाली शिरलं. नवी गादी भिजली. मी लेव्हल लावली, ट्रेचा उतार मागच्या बाजूला. डोकं चालेना. रफीकभाई वाकून पाहून राहिले होते. विमल खाली उभी राहून म्हणाली, "आपलं अंगण फाटकाकडे उतरतं. पावसाचं पाणी रस्त्यावर जावं म्हणून तुम्हीच केलं होतं ना तसं? गाडीचं तोंड फाटकाकडे होतं. घराचा उतार गाडीत घेऊन निघाले तुम्ही."

तीस वर्षांपूर्वी मीच तो उतार दिला होता आणि रोज त्याच्यावरून चालून चालून विसरलो होतो. रफीकभाई इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. म्हणाले, "दादा, कल से भाभीजी को भेजो वर्कशॉप, आप रोटी बनाओ." विमलही हसली. पण तोडगा तिनंच काढला. "घराच्या न्हाणीला कोपऱ्यातलं भोक पुरतं, कारण घर हलत नाही. ही उद्या कुठं उभी राहील, कशी उभी राहील, कोणाला माहीत? मधोमध भोक पाडा आणि चारी बाजूंनी उतार द्या." मधोमध भोक पाडायचं तर खालून बसचा आडवा लोखंडी बीम जातो, तो कापता येत नाही. अख्खा ट्रे उपसून चार बोटं उचलावा लागला, चार तुकडे कापून जोडावे लागले, चढायला वेगळी पायरी करावी लागली. वीस दिवस गेले त्यात.

हे वीस दिवस माझ्या घशाखाली उतरत नाहीत. तिनं सांगितलं त्याच दिवशी बस फाटकाबाहेर सपाटीवर नेऊन पाहिली असती, तर तिची आणि अक्कांची भेट झाली असती. रफीकभाई म्हणतात, ऐसा मत सोचो. संध्याही तेच म्हणते. पण हिशोब साधा आहे, तो मला कळतो.

ती गेली त्या दिवशी शेजारच्या बायका तिला आंघोळ घालायला जमल्या. गरम पाण्याला वेळ लागत होता. मी म्हणालो, बसच्या टाकीत पाणी आहे, कालच तिनं भरून घेतलं, उन्हानं कोमट झालेलं आहे. त्यांनी ते नेलं. संध्या इंदूरहून पोचली होती. ती म्हणाली, "बाबा, पाणी तुम्ही ओतता का? रोज तुम्हीच..." मी म्हणालो, नाही. ती मला बाहेर थांबा म्हणाली होती. मी फाटकाच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. दारात नाही.

अक्कांना संध्याकाळी मीच फोनवर सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "गाडी झाली होती का पुरी?" मी म्हणालो, झाली. "मग तुम्ही तरी या." तेरावं झाल्यावर मी आणि रफीकभाई जाऊन आलो. अक्कांना उचलून बाहेर आणलं, खुर्चीत बसवून बसच्या दारातून न्हाणी दाखवली. स्टूल पाहिलं त्यांनी, शॉवर पाहिला, खडूची रेघ पाहिली. म्हणाल्या, "एवढीच होती ती."

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. जाळून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळचं. घर पाहुण्यांनी भरलं होतं, आंघोळीला रांग होती, आणि सगळे मला म्हणत होते, दादा, तुम्ही आधी जा. मी टॉवेल घेतला आणि अंगणातून बसमध्ये गेलो. टाकीत तळाला थोडं पाणी उरलं होतं, रात्रभरात गार झालेलं. तिच्या स्टूलावर बसलो. ती बुटकी, मी उंच, शॉवरचं पाणी माझ्या कमरेच्या जरा वर पडत होतं, खांदे कोरडेच. पाठ चोळायला हात मागं नेला, अर्ध्यावरच पोचला. उठलो, अंग पुसलं, कपडे केले, पायरी उतरलो.

मग परत वर चढलो. लोटा तिथंच होता, परवा संध्याकाळी ठेवला तसा. तो टाकीच्या नळाखाली धरला, भरायला वेळ लागला. न्हाणीत ओतला आणि सगळं पाणी मधल्या भोकातून खाली जाईपर्यंत थांबलो.