कोपनहेगनमधला सोमवार

कोपनहेगनला मुलाकडे गेले, तेव्हा त्याने माझ्यासाठी एक सहल ठरवली. शहरातून पायी फिरायचं आणि वाटेतल्या दुकानांत थांबून तिथले पदार्थ चाखायचे. मला आनंद झाला, पण वार बघितला तर सोमवार! मांद्र्याला आमच्या घरी सोमवारी मासळी शिजत नाही, हे पोटच्या पोराने विसरावं?

"आई, इथे कसला सोमवार?" तो म्हणाला.

सोमवार काय विमानात बसताना घरी ठेवून यायचा असतो?

पहिल्याच दुकानात काळ्या पावावर व्हिनेगरमध्ये मुरवलेली मासळी आली, वर कच्चा कांदा. पुढच्या दुकानात धुरी दिलेली, त्याच्या पुढे लोण्यात तळलेली. त्या तळणाच्या वासाने जीव नुसता वरखाली झाला. एरवी मासळीशिवाय घास न उतरणारी बाई मी, आणि प्रत्येक ठिकाणी पावाला लोणी फासून चघळत उभी! थंडीने पाय ठणकत होते ते वेगळंच.

आम्हाला फिरवणारी मुलगी शेवटी माझ्याजवळ आली. खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाली, "तुमचं गाव समुद्रापासून लांब असेल ना? सवय नसली की मासळीचा वास सोसत नाही."

माझ्या स्वयंपाकघरात लाटांचा आवाज येतो, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझ्या हातचं माशांचं हुमण खाऊन वाढलेला माझा मुलगा तोंडातला घास गिळत म्हणाला, "हो, खूप लांब."