निघालेली मोटार मागं घ्यायची न्हाई

लढाई संपली आणि आमचे हे घरी आले. पलटणीत मोटारदुरुस्तीला होते, त्यामुळे माणसांपेक्षा इंजिनाशी बोलायची सवय जास्त. येताना ट्रंकेत माझ्यासाठी एक लुगडं आणलं आणि डोक्यात एक मोटार. लुगडं मी दुसऱ्याच दिवशी नेसले. मोटारीनं मात्र माझा जीव खाल्ला.

डिस्पोजलात, म्हणजे लष्कराच्या मोडीच्या लिलावात, ह्यांनी एक सांगाडा घेतला, इंजिन घेतलं, आणि चाकं कुठल्याशा भलत्याच मोठ्या गाडीची घेतली. सगळा माल तुकड्यातुकड्यांनी बैलगाडीतून उंब्रजजवळच्या आमच्या गावी आला. घरामागच्या गोठ्यातली बैलं छपरात गेली आणि गोठ्यात मोटार जन्माला यायला लागली. गावातलं रिकामटेकडं माणूस दिवसातून एकदा तिथं डोकावल्याशिवाय जेवत नसे.

दिवाळीत माझा भाऊ मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला आला. म्हसवड काही जवळ नाही. बिचारा गाडी बदलत, धूळ खात आला होता. माझी वळकटी तयार होती. तेवढ्यात हे गोठ्यातून काळे हात पुसत आले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "पाव्हनं, तुमी कशाला तरास घेताय? आता घरची मोटार हुतीया. मीच आणून सोडतो की."

भाऊ पाहुणचार घेऊन एकटाच परत गेला. वळकटी मी सोडून ठेवली. त्या दिवशी चुलीपुढं बसून रडले, आणि कुणी विचारलं तर सांगायला ओलं सरपण होतंच.

तेव्हापासून मी अडकले ती अडकलेच. पूर्वी निदान बैलगाडी तरी होती. आता माहेरचं नाव काढलं की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "घरची मोटार असताना लोकाच्या गाडीत बसून जायाचं? नाक कापशील आमचं." आणि मोटार तर व्हायची होती. कधी टायर नाही, कधी पेट्रोलचं कुपन नाही. 'आज नगद, उद्या उधार' या पाटीसारखी ती मोटार रोज उद्या निघायची. घर भरलेलं, दूधदुभतं, कशाला काही कमी नव्हतं; पण परड्याची भिंत दिसली तरी मला कोंडल्यासारखं व्हायचं.

मग म्हसवडकडच्या एका बाजारकऱ्याबरोबर भावाचा सांगावा आला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. तिनं सांगितलं होतं, "दिसतंय तवर लेकीचं तोंड बघू द्या."

मी ह्यांना म्हटलं, "आवं, मला कसंबी पोचवा. बैलगाडीनं, न्हाईतर चालत."

"मोटार झालीच म्हण की," हे म्हणाले. "फकस्त चाक घासतंय."

घासत होतं खरं. चाकं मोठ्या गाडीची असल्यामुळे स्टेअरिंग पुरं फिरवलं की पुढचं चाक आत वळून गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानपाट्याला भिडायचं आणि रबराचा भुगा खाली पडायचा. ह्यांनी त्यावर तोड काढली. दोन्ही अंगांना एकेक जाड बोल्ट असा बसवला, की चाक पाट्याच्या बोटभर अलीकडेच त्यावर टेकून थांबावं. मला हात धरून गोठ्यात नेलं आणि स्टेअरिंग कराकरा फिरवून दाखवलं. "आता किती बी जोर लाव. हिच्या फुडं वळायचीच न्हाई."

त्यांना केवढा आनंद झाला होता! मी त्या बोल्टाकडं बघत राहिले. ह्या घरात मला कोणी असा बोल्ट लावला होता, आणि नेमका कधी, तेच मला आठवेना.

मोटार परड्यामागच्या खळ्यात फिरवून बघितली. खळं ऐसपैस, मोटार गोल गोल फिरली, सगळे खूश. गल्लीतून काढून बघायचं मात्र कुणालाही सुचलं नाही. बैलगाडीवाल्यांचं घर आमचं; बैल वळला की गाडी वळते, एवढंच आम्हाला ठाऊक.

निघायच्या दिवशी आत्याबाईंनी मोटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी ह्यांनी आणलेलं लुगडं नेसून, ट्रंक शेजारी ठेवून मागच्या फळीवर बसले. मोटार भडभड करत परड्यातून गल्लीत आली आणि मारुतीच्या पाराशी वळणावर थांबली. डावीकडं पार, समोर शेजाऱ्यांची दगडी भिंत. ह्यांनी स्टेअरिंग पुरं ओढलं, चाक बोल्टावर जाऊन टेकलं, आणि मोटारीचं नाक भिंतीपासून हातभर राहिलं.

"मागं घिऊन परत मारतो," हे म्हणाले.

"मागं?" आत्याबाई हळदकुंकवाच्या ताटासकट पुढं आल्या. "नारळ फुटलाय. निघालेली मोटार मागं घ्यायची न्हाई! अपशकुन करतोस व्हय रं?"

"आई, उगं हातभर."

"बोटभर बी न्हाई. निघाल्यालं मागं येत नसतंय."

चौघांनी पुढच्या चाकांशी धरून मोटार उचलून बघितली. लष्कराचं लोखंड ते, हललं नाही. मग सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणे भिंत पाडा, कुणी म्हणे पार फोडा. एक म्हातारा म्हणाला, "गड्या, बैलं जुपा." हे आईकडं बघायचे आणि मग चाकाकडं. सुभेदारापुढं ताठ उभं राहणारं माणूस, पण आईपुढं मान खाली. मी मागं बसून घामानं निथळत होते. पुढं भिंत होती आणि मागं सासू.

शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "मुहूर्त टळला. आज ऱ्हाऊ दे. सूनबाई, उतर, घरी चल."

घरी चल म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. मी उतरले, पण उतरले ती मोटारीच्या पुढच्या अंगाला, भिंत आणि नाक यांच्या मधल्या हातभर फटीतून अंग चोरून.

"आत्याबाई," मी म्हटलं, "निघाल्यालं मागं येत नसतंय म्हनला न्हवं? मग मी कशी मागं यिऊ?"

आत्याबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. आपलाच शब्द, गिळताही येईना आणि थुंकताही येईना. मी पदर खोचला आणि उंब्रजच्या वाटेला लागले. पाठीमागं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळानं ट्रंक डोक्यावर घेऊन हे माझ्या मागून चालत आले. मला इतकं मोकळं वाटत होतं, की पाय दुखतात हे उंब्रज आल्यावर कळलं.

तिथून प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आणि पुढं मिळेल त्या गाडीनं आम्ही दुसऱ्या दिवशी म्हसवडला पोचलो. आई अंगणात बाजेवर बसली होती. माझा आवाज ऐकताच तिनं दोन्ही हात पुढं केले. मी धावत जाऊन तिच्या पायाशी बसले.

"आलीस गं बाय," ती म्हणाली. "जरा उजेडात सरक की. तुझं तोंड बघू दे."

दुपारची वेळ होती. मी भर उन्हात बसले होते.