मागच्या सीटवर अप्पांना ऐकू यायचं

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर त्यातली चूक शोधायला. भास, योगायोग, अर्धवट झोप, वाऱ्यानं आपटलेलं दार... बहुतेक किस्से यातल्या कुठल्या तरी खणात व्यवस्थित बसतात. माझी नोकरीच तशी होती. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात, पॉवर सप्लायच्या विभागात. सर्किटमध्ये नको असलेला आवाज — आम्ही त्याला नॉइज म्हणतो — कुठून शिरतोय ते शोधायचं आणि तो बंद करायचा. भुताखेतांचं सोडाच, मी लग्नसुद्धा पत्रिका न बघता केलं. तरी आज लिहायला बसलोय, कारण ही एक गोष्ट मला अजून कुठल्याही खणात टाकता आलेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी आणि बायको वृंदा जे. पी. नगरमध्ये एका घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. आई गेल्यावर मी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सोलापूरहून घेऊन आलो. अप्पांची सगळी नोकरी कापड गिरणीत, लूम खात्यात गेली. त्या खडखडाटात कान कामातून गेले होते. अगदी ठार बहिरे म्हणावे इतके. आम्ही कानाचं मशीन घेऊन दिलं होतं, पण त्यात नुसता कलकलाट ऐकू येतो म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. काही सांगायचं झालं की आम्ही पाटीवर लिहायचो. ते तोंडी उत्तर द्यायचे, तेही ओरडून, कारण स्वतःचा आवाजही त्यांना कळत नसे. सोलापुरात निदान ओळखीचे चार लोक हातवारे करून गप्पा मारायचे. इथे कोण? हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गेटपाशी खुर्ची. आई शेवटी आजारी असताना मी बंगळुरात होतो, जवळ तेच होते. त्याबद्दलही आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. असल्या गोष्टी पाटीवर कशा विचारणार?

त्याच सुमारास मी एक जुनी गाडी घेतली. स्टिअरिंगपाशी गिअर असलेली, पांढरी. एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून मी स्वतःच अँप्लिफायर बांधला, कॅसेट डेक बसवला, मागे दोन मोठे स्पीकर ठोकले. दोन रविवार त्यात गेले. गाडी सुरू केली, आणि गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची.

ज्यांनी कधी गाडीत असले उद्योग केलेत त्यांना हा आवाज माहीत असेल. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा नॉइज वायरिंगमधून अँप्लिफायरमध्ये शिरतो आणि स्पीकरमधून बाहेर येतो. वृंदा म्हणाली, दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचा नॉइज बंद करतोस आणि स्वतःच्या गाडीत डास पाळलायस. मला ते फार लागलं. मी फिल्टर लावला, अल्टरनेटरवर कंडेन्सर लावला, अर्थिंगची वायर तीन जागी बदलून पाहिली. शिट्टी कमी झाली, पण गेली नाही.

अशाच एका रविवारी आम्ही तिघं जयनगरच्या मार्केटमधून भाजी घेऊन परत येत होतो. डेक चालू होता, कॅसेट नव्हती. मी शिट्टीच ऐकत होतो. वृंदा माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "कोथिंबीर राहिलीच."

मागच्या सीटवरून अप्पा म्हणाले, "मी म्हणणारच होतो."

गंमत म्हणजे पहिल्यांदा आम्हाला काही खटकलंच नाही, इतकं ते साधं उत्तर होतं. मग वृंदानं माझ्याकडे पाहिलं. अप्पांना ऐकू आलं, एवढंच नव्हतं. ते हळू बोलले होते, तुम्ही-आम्ही बोलतो तसं. कित्येक वर्षांत त्यांचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

मी गाडी चालवतच विचारलं, "अप्पा, ऐकू येतंय?"

"येतंय की," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "म्हणजे... येतंय."

घरी पोचलो, इंजिन बंद केलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं. वृंदानं दार उघडताना काहीतरी विचारलं तर त्यांनी कानामागे हात धरला.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पहिला संशय मशीनवर. काही मशिनं विजेच्या तारांचा गुणगुणाट पकडतात, ते मला माहीत होतं. पण मशीन घरी ड्रॉवरमध्ये होतं. दुसरा संशय, की ते आरशात आमचे ओठ वाचत असतील. म्हणून पुढच्या रविवारी गेटपाशीच गाडी सुरू ठेवून मी रीतसर टेस्ट घेतली. मदतीला आमचे घरमालक शामण्णा. ते मूळचे मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. त्यांना मी पुढच्या सीटवर बसवलं, तोंडावर टॉवेल धरायला सांगितला, आरसा फिरवून ठेवला. अप्पांना कन्नड येत नव्हतं, म्हणून शामण्णांना म्हटलं, कन्नड शब्द सांगा, म्हणजे अंदाजानं ओळखायला नको.

शामण्णा टॉवेलाआडून पुटपुटले, "बेळ्ळुळ्ळी."

"बेळ्ळुळ्ळी," अप्पा मागून म्हणाले. "म्हणजे काय?"

"लसूण, अप्पा," वृंदा गाडीत वाकून म्हणाली, आणि अप्पा खुशीत हसले. शामण्णांनी आणखी बरेच शब्द सांगितले. एकही चुकला नाही. मी डॅशबोर्डखालून गुपचूप डेकची वायर काढली. शिट्टी थांबली आणि अप्पा गप्प झाले. वायर जोडली, ते पुन्हा बोलायला लागले. मी शिट्टीबद्दल विचारलं तर म्हणाले, कसली शिट्टी? त्यांना आमचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. शिट्टी तेवढी येत नव्हती.

शामण्णा उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघा, स्वल्प बरं चाललंय ना? मग हात लावू नका, सरी?"

मी हात लावलाच. कानाच्या डॉक्टरांकडे अप्पांना घेऊन गेलो, तपासणी झाली. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले की काही बहिऱ्या माणसांना गोंगाटात जास्त ऐकू येतं हे खरं आहे, पण तो बहिरेपणा वेगळा. तुमच्या वडिलांची नसच गेली आहे. जे राहिलंच नाही ते गोंगाटानं परत कसं येईल? मी शिट्टी टेपवर रेकॉर्ड करून घरी मोठ्यानं लावली. काही नाही. स्पीकर घरात आणून बॅटरीवर चालवले. काही नाही. गाडीत, इंजिन चालू असताना, मागच्या सीटवर — तेवढंच.

शेवटी मी शामण्णांचं ऐकलं. शिट्टी घालवायचा नाद सोडला.

त्यानंतरचे काही महिने आम्ही रविवारी नुसते गाडीत फिरायचो. कुठे जायचं नसायचं. बहुतेक वेळा बेळ्ळंदूरकडे जायचो. तेव्हा तिकडे शेतं होती, मोकळे रस्ते होते, तळ्याच्या कडेला बगळे असायचे. आज तिथून जाणाऱ्याला पटणार नाही. अप्पा मागे बसून बोलायचे. गिरणीतले किस्से, माझ्या लहानपणीचे माझे पराक्रम. एकदा ते आपणहून आईबद्दल बोलले. शेवटच्या दिवसांत तिला हुरड्याची आठवण झाली होती, आणि तो हंगाम नव्हता. तर यांनी कुठून तरी ज्वारीच्या लाह्या आणून दिल्या. तिनं दोन तोंडात टाकल्या आणि म्हणाली, "चालतंय हेही." ती हे बोलली, ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, ओठांवरून कळलं. मी गाडी चालवत होतो. रस्त्याकडे बघत होतो, ते बरं झालं.

मग मला नोकरीची एक ऑफर आली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका खासगी कंपनीची, पण काम सिंगापूरला, निदान दोन वर्षं. अप्पांना बरोबर नेणं शक्य नव्हतं. त्यांना सोलापूरला माझ्या बहिणीकडे ठेवावं लागणार होतं. तिची तयारी होती, पण मग हे रविवार संपणार होते. कागद मी ऑफिसातच ठेवले होते. वृंदाशी बोलणं झालं तेही ऑफिसातून येताना, रस्त्यावर. तिचं म्हणणं, निर्णय काहीही घे, पण अप्पांना आधी सांग. आणि पाटीवर नको. गाडीत सांग.

त्या रविवारी निघालो ते हेच ठरवून. बेळ्ळंदूरच्या तळ्यापर्यंत इकडचं तिकडचं बोलणं झालं. पुढे कुणीच बोलेना. वृंदा खिडकीतून बाहेर बघत होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो आणि खोडत होतो. शिट्टी चालू होती. गाडी वळवून परत निघालो तरी मी गप्पच.

तेव्हा अप्पा मागून म्हणाले, शांतपणे, "मी काही तुला थांब म्हणणार नाही. जा तू. माझं सोलापुरात भागेल."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी कडेला घेतली. मागे वळून विचारलं, "अप्पा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?" — हे ओरडून.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की शिट्टी थांबली आहे. इंजिन चालू होतं, डेक चालू होता, त्याचा दिवा लागलेला होता. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. स्पीकर स्वच्छ. महिनोन्‌महिने जे मला जमलं नव्हतं ते आपोआप झालं होतं, आणि अप्पा माझ्या तोंडाकडे बघत बसले होते.

मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. सगळी वायरिंग उचकटून पाहिली, एकही जोड सुटलेला नव्हता. मग उलटा प्रयत्न केला: मुद्दाम चुकीच्या जागी अर्थिंग दिलं, सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरीला बांधली. शिट्टी आली, अगदी तशीच आली. वृंदानं मागे बसून अप्पांच्या कानाशी हाका मारल्या. अप्पा म्हणाले, पुरे आता, गाडीत उकडतंय.

मी ऑफर घेतली. निघण्याआधी अप्पांना सोलापूरला पोचवायला आम्ही दोघंही गेलो. इतके दिवस मी त्यांना तो प्रश्न विचारायचा टाळत होतो. का, ते मलाच नीट कळत नव्हतं. बहिणीच्या घरी, दुपारच्या चहाला, शेवटी पाटीवर लिहिलं, "मी जाणार हे तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी वाचलं आणि जरा चकित होऊन माझ्याकडे पाहिलं.

"तूच सांगितलंस की," ते म्हणाले. "तळ्यापासून पुढे चांगला बराच वेळ बोलत होतास. हळू बोलत होतास, बहुतेक वृंदाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणालास, मला जायचंय, पण अप्पा थांब म्हणाले तर ठरवण्यातून सुटेन. ते मी कसं म्हणणार, बाबा? म्हणून म्हटलं, जा."

वृंदाच्या हातात कप तसाच राहिला. तळ्यापासून पुढे मी तोंडातून शब्द काढला नव्हता. ती शेजारी बसून त्याचीच वाट बघत होती, ते तिनं तिथेच सांगितलं. आणि ते 'सुटेन' मी तिलाही कधी बोललो नव्हतो.

तिनं मला हळूच विचारलं, "असं वाटत होतं तुला?"

मी हो म्हटलं.

सिंगापूरहून आम्ही परत आलो, अप्पा पुन्हा आमच्याकडे आले आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच होते. त्यांना परत कधी ऐकू आलं नाही. मी पुढेही वर्षानुवर्षं नॉइजचंच काम केलं. तो कुठून आत शिरतो हे मी अजूनही बऱ्यापैकी सांगू शकतो. पण माझ्या डोक्यातलं वाक्य मागच्या सीटपर्यंत कसं गेलं, हे मला माहीत नाही. आपल्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर कळवा. फक्त एकच विनंती — अप्पांनी अंदाज केला असेल, असं लिहू नका. माझं त्यांना विचारून झालंय. ते म्हणाले, अंदाज कशाला करू, मला तुझा आवाज ओळखता येत नाही होय?