मी न धरलेला सायकलवाला

देवपूरच्या पुलाजवळ मी रोज सकाळी पत्रकं वाटायचो: ‘पडणाऱ्याला सावरा.’ तिथून एक पन्नाशीचे गृहस्थ नव्या रेसच्या सायकलवर जात. त्यांचे बूट पॅडलमध्ये अडकत आणि टाच बाहेर वळवली तरच सुटत. बैलगाडी आडवी आली की ते टाच वळवायला विसरत, एका बाजूला कलत आणि मी धावत जाऊन त्यांना धरत असे.

ते एका सायकल शर्यतीत उतरणार होते; तिच्या आदल्या दिवशी ते चिडले. "हात नका लावा, भाऊ! तुम्ही धरतस, म्हनीसन टाच वळत नही. पडू द्या माले!"

ते परतत असताना पुन्हा बैलगाडी आडवी आली. मी मुठी आवळून उभा राहिलो. ते कलले, आणखी कलले, आणि खटकन बूट सुटला. पाय जमिनीवर टेकला.

घाम पुसत त्यांनी पत्रकासाठी हात पुढे केला. ते द्यावं की फाडावं, मला कळेना.